सहा नंबरचा ब्रश

१२ जानेवारी, सोमवार

ही डायरी मला एका रंगाच्या दुकानदारानं सहा वर्षांपूर्वी फुकट दिली होती. त्यामुळे छापलेले वार चुकीचे आहेत. ते खोडून मी बरोबर वार लिहितोय. चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण स्वतःसाठी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहायला बसलो, कारण लेकीनं मला तोंड बंद ठेवायची अट घातली आहे. तोंड बंद तर बंद, हात तरी चालू राहू दे.

माझी नात, वय साडेतीन वर्षं, आजपासून बालवाडीत जायला लागली. मी तिला मुंगी म्हणतो, कारण घरात कुठेही जायचं असलं तरी ती फरशीच्या सांध्यावरून, एका रेघेत जाते. ती बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. ऑटिझम आहे, असं गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. हा आजार नव्हे, पोरीची घडणच वेगळी आहे, आणि लहानपणीच नीट मदत मिळाली तर ती पुष्कळ शिकेल, असंही म्हणाले. बालवाडीत घाला हा सल्लाही त्यांचाच.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. जावई दूर कुठल्याशा पुलाच्या कामावर, महिन्यातून दोनदा उगवतात. तेव्हा पोरीला पोचवायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं.

"फक्त पोचवायचं आणि आणायचं," लेक म्हणाली. "तिथल्या ताईंना शिकवायला जायचं नाही."

"मी कशाला कुणाला शिकवू?"

"बाबा, डॉक्टर पोरीला तपासत होते आणि तुम्ही त्यांना त्यांच्या पाटीतली चूक दाखवत होता."

चूक होतीच. अक्षरांमधलं अंतर सारखं नव्हतं.

बालवाडीवर माझा काडीचा विश्वास नाही, हे इथे लिहून ठेवतो. जी पोर घरात मिक्सर लावला तरी कान झाकते, ती अठरा पोरांच्या कलकलाटात काय शिकणार? आणि आणखी एक गोष्ट, जी मी लेकीलाही सांगितलेली नाही. ही पोर माझ्या मांडीवर वाढली, पण मी असलो काय नि नसलो काय, तिला फरक पडतो की नाही हे मला ठाऊक नाही. पंख्याकडे ती अर्धा तास टक लावून बघते. माझ्याकडे नाही. तिनं बोलावं, गळ्यात पडावं असा माझा हट्ट नाही. ती मला ओळखते, एवढं कळलं तरी माझं पोट भरेल.

पहिल्या दिवसाचा निकाल: मुंगी फाटकातच बसली आणि तिनं आभाळ डोक्यावर घेतलं. ताई बाहेर आल्या, तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसल्या आणि गप्प राहिल्या. अर्ध्या तासानं आम्ही घरी आलो. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि नुसत्या बसून राहिल्या!

१५ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस तेच. फाटक, बसकण, रडारड. ताईंचं जमिनीवर बसणंही तेच. आज मात्र त्यांनी मला विचारलं, "आजोबा, घरी ही आनंदात कधी असते?"

तोंड उघडायचं नव्हतं, पण विचारल्यावर काय करणार? सांगितलं की पोरीला चालायला रेघ लागते. आणि तुमचं हे पटांगण म्हणजे नुसता मोकळा सिमेंटचा माळ. ना सांधा, ना भिंत. तिनं पाय टाकायचा कुठे?

ताई पटांगणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही आवाजाचा विचार केला, गर्दीचा केला. हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही द्याल काढून रेघ?"

मी दुपारीच डबा घेऊन गेलो. पिवळा ऑइलपेंट, चार बोटं रुंद, फाटकापासून वर्गाच्या दारापर्यंत. रेघ ओढताना मी श्वास रोखतो, ती माझी जुनी सवय. अकरा श्वासांत काम फत्ते.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेली! फाटकात थबकली, रेघ बघितली, बुटाचं टोक लावून पाहिलं आणि मागे न बघता थेट वर्गात. मागे बघितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते असो.

तिच्या मागोमाग एक पोरगी तशीच पावलाला पाऊल लावत गेली. ही चार वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा बोलत असावी. मी तिचं नाव रेडिओ ठेवलं आहे. वर्गात कुणाच्या आईला बाळ होणार आहे, कुणाच्या बाबांनी काकूंशी भांडण केलं, सगळ्या बातम्या मला फाटकातच मिळाल्या. जाता जाता तिनं विचारलं, "ही बोलत का नाही?"

"तिला अजून बोलता येत नाही," मी म्हटलं.

"चालेल. मी बोलीन."

२१ जानेवारी, बुधवार

आज माझा अपमान झाला, पण त्यातून काम निघालं.

वर्गात ताईंनी मुंगीसाठी एक पेटी ठेवली आहे. तिच्यात कार्डं. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड ताईंच्या हातात द्यायचं, झोपाळा हवा तर झोपाळ्याचं. कार्ड हातात पडलं की ती वस्तू लगेच द्यायची, हा तिथला नियम. आधी रडून मागायची, आता देऊन मागेल, असं ताई म्हणाल्या. मी म्हटलं, अशानं पोर बोलायचा कंटाळा करेल. त्या म्हणाल्या, उलट होतं; मागितलेलं मिळतं असं कळलं की मुलं जास्त मागायला लागतात, आणि शब्द यायचे असतील तर तेही त्याच वाटेनं येतात. मला पटलं नाही. पण लेकीची अट आठवली.

मग मी कार्डं बघितली. फोटो! मोबाइलवर काढलेले, अंधारे, तिरके. समोर चाळीस वर्षांचा पेंटर उभा आणि पोरीनं फोटो वापरायचे?

"ताई, ही सगळी मी रंगवून देतो."

त्या जरा घुटमळल्या. फोटोच बरे पडतात, असं काहीतरी पुटपुटल्या. पण माझा चेहरा बघून हो म्हणाल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

बारा कार्डं दिली. पाणी, बिस्कीट, झोपाळा, वाळू, पुस्तक, संडास, शांत कोपरा, ब्रश, घर आणि बाकीची. शांत कोपरा म्हणजे पडद्यामागची गादी. गोंगाट डोक्यात जायला लागला की मुंगी तिथे जाऊन पडते, आणि कुणी तिला उठवत नाही. मला स्वतःला असा कोपरा दुकानात हवा होता. संडासाचं कार्ड पाहून सगळा वर्ग लोळून हसला, इतकं ते हुबेहूब झालं आहे. ब्रशासाठी समोर माझाच सहा नंबरचा होता, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला, तोच काढला.

घराच्या कार्डानं मात्र मला तोंडावर पाडलं. मुलांना निघायची वेळ झाली की ताई ते दाखवतात, म्हणजे आता काय होणार ते पोरीला आधीच कळतं. रोज फोटो बघून उठायची. आज माझं चित्र बघितलं आणि जागची हलेना. कार्ड फेकलं. पुन्हा दिलं, पुन्हा फेकलं. शेवटी रडणाऱ्या पोरीला उचलून आणावं लागलं.

असं सुंदर घर! उतरतं लाल छप्पर, धुराडं, दोन खिडक्या, पुढे फुलझाडं. पाटीवर घराचं चित्र ज्या ज्या दुकानाला हवं होतं, त्यांना हेच काढून दिलं, आजवर एकानंही परत केलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

लेक हसून हसून पलंगावर आडवी झाली. "बाबा, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. धुराडं कुठून आणलंत?"

खरंच की. घर म्हणजे काय, तर मला पाटीवरचं घर आठवतं. पोरीला तिचं घर आठवतं. तिला वाटलं असणार, हे लोक मला भलत्याच कुणाच्या घरी पाठवतायत. मीही रडलो असतो.

दुपारी जिन्यात स्टूल टाकून आमच्या दारासमोर बसलो. पंचवीस वर्षं मी या दारातून ये-जा करतोय, पण आज ते पहिल्यांदा पाहिलं. हिरवा रंग, खाली बाबागाडी घासून उडालेले टवके, घंटीचं बटण वाकडं आणि त्याला चिकटपट्टी. लाज वाटली. जगाच्या पाट्या रंगवल्या आणि स्वतःच्या दाराची ही दशा. आधी दाराला एक हात मारावा आणि मग चित्र काढावं म्हणून डबा उघडला, तेवढ्यात लेक धावत आली. "खबरदार! दार रंगवलंत तर ती आत यायची नाही."

टवक्यांसकट काढलं. चिकटपट्टीसकट.

२७ जानेवारी, मंगळवार

कार्ड बघितलं, बोट लावलं, उठली, पिवळ्या रेघेवरून चालत फाटकात आली. ताईंनी मला दुरून हात जोडले. मी आज जरा शेफारलो आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठी बातमी. आज घरी, स्वयंपाकघरात, मुंगीनं लेकीच्या हातात पाण्याचं कार्ड दिलं. (घरासाठी मी दुसरा संच केला आहे.) रडणं नाही, डोकं आपटणं नाही. लेकीनं पेला भरून दिला आणि ओट्याला टेकून उभीच राहिली. पोरीनं अर्धा पेला प्यायला, अर्धा सांडला, आणि पुन्हा कार्ड दिलं. असे सात पेले झाले. आठव्याला मी कार्ड लपवू का विचारलं, तर लेक म्हणाली, "नाही, मागू दे. आज माझ्या घरी कुणीतरी काहीतरी मागितलंय." तिचे डोळे भरून आले होते. माझेही, पण मी चष्मा पुसत होतो.

बालवाडीबद्दल पहिल्या पानावर काय लिहिलं ते मला आठवतं. ते खोडत नाही, पण एक पायरी खाली उतरतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आता मुंगी गोलात बसते. ताई गाणं म्हणतात, मुलं टाळ्या वाजवतात. मुंगी टाळ्या वाजवत नाही, पण रेडिओच्या शेजारी बसते आणि रेडिओचे हात हलताना बघते. आधी दोन मिनिटं बसायची, आता सात. ताई बळजबरी करत नाहीत. मिनिट मिनिट वाढवतात, आणि थकली की शांत कोपरा.

माझ्या बाबतीत मात्र प्रगती शून्य. रोज बारा वाजता ती फाटकात येते, माझा हात ओढते आणि बोटं हुंगते. एकेक करून, पोलिसानं तपासावं तशी. हातांना टर्पेंटाइनचा वास मारतो, तो तिला खटकत असणार. म्हणून आज साबणानं तीनदा हात धुऊन गेलो. तर काय? बोटं हुंगली, पुन्हा हुंगली, माझा हात झटकला आणि जमिनीवर बसून रडली. साबणही आवडत नाही वाटतं. पोरीला माझं काहीच पसंत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवंच त्रांगडं. मुंगी रोज ब्रशाचं कार्ड ताईंना देते. ताई नियमाप्रमाणे लगेच रंग, कागद, ब्रश पुढे ठेवतात. ती ते सगळं हातानं लोटून देते आणि पुन्हा ब्रशाचंच कार्ड देते. बाकीची अकरा कार्डं बिनचूक चालतात. फक्त हेच नाही.

म्हणजे चित्रात खोट आहे. घरी आणून पाहिलं. केस थोडे विरळ आले होते. पुन्हा रंगवलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उपयोग नाही. टोकाला रंगाचा थेंब काढून दिला, म्हणजे रंगवायचं आहे हे कळेल. तरी तेच. कार्ड देते आणि रंग लोटते. घराच्या वेळी तरी चूक कळली होती, इथे काही हाती लागत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली चूक! वर्गातले ब्रश जाडे, पिवळ्या प्लॅस्टिकच्या दांड्याचे. मी काढला होता माझा. घराच्या वेळचाच घोळ, आणि माझ्या लक्षात आला नाही. पिवळा ब्रश काढून नवं कार्ड पेटीत ठेवलं. जुनं माझ्या खिशात घालून आणलं. माणसानं आपल्या चुकीतून शिकावं, ते मी शिकलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कुठे शिकलो!

पिवळ्या ब्रशाचं कार्ड तिनं सकाळी शहाण्यासारखं दिलं आणि खरोखर चित्रही काढलं. निळ्या रेघा, सगळ्या सरळ. मी ऐकून खूश झालो. पण निघायच्या आधी तिनं अख्खी पेटी उपडी केली, एकेक कार्ड उचलून टाकलं आणि पहिल्या दिवसासारखी रडली. महिनाभरात अशी रडली नव्हती. रेडिओनं तिला आपलं बिस्कीट दिलं, दोन्ही बूट दिले, तरी थांबेना.

ताईंनी मला विचारलं, "आजोबा, जुनं कार्ड कुठे आहे?"

खिशातच होतं. काढलं. मुंगीनं झडप घालून घेतलं, घट्ट धरलं आणि मग माझ्या हातात कोंबलं. मी ताईंना परत दिलं. म्हटलं, तुम्हीच ठेवा बाई, मला काही समजत नाही.

"ती हे कार्ड रोज किती वाजता देते, माहीत आहे?" ताई म्हणाल्या. "पावणेबाराला."

"पावणेबाराला तुमची चित्रकला नसते."

"नसतेच."

"मग? साडेतीन वर्षांच्या पोरीला घड्याळ कुठलं कळायला!"

ताई माझ्याकडे बघून हसल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात रेडिओचा एक बूट सापडेना म्हणून त्यांना जावं लागलं. चांगल्या बाई आहेत, पण कधी कधी उगाच हसतात.

३ मार्च, मंगळवार

बालवाडीची पाटी नव्यानं रंगवायला घेतली होती. ताईंनी विनंती केली, म्हणजे मी तीन वेळा आठवण केल्यावर केली. स्टुलावरून वाकून शेवटचं अक्षर भरताना कमरेत उसण भरली. तशाच वाकलेल्या अवस्थेत रस्त्यावरच्या दोघांनी मला रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, सक्तीची विश्रांती, पलंगावरून हलायचं नाही. पाटी नव्वद टक्के झाली आहे. शेवटचं अक्षर अर्धवट राहिल्यामुळे मला फार त्रास होतोय. कंबरही दुखते.

४ मार्च, बुधवार

पडून आहे. सकाळी लेकीनं पोचवलं, दुपारी शेजारीणबाईंनी आणलं. त्या म्हणाल्या, पोर काही केल्या फाटकाबाहेर पडेना, घराचं कार्ड दाखवूनही. शेवटी ताई स्वतः घरापर्यंत सोबत आल्या. आल्यावर मुंगी कोपऱ्यात झोपून गेली. उद्या लेक अर्धी रजा टाकून जाणार आहे. मी काही कामाचा उरलो नाही.

५ मार्च, गुरुवार

हे सगळं लेकीनं सांगितलं तसं लिहितो. पडून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

लेक पावणेबारालाच पोचली. मुंगी वर्गाच्या दारात रेघेच्या टोकाला उभी होती. हातात लाल दोऱ्याच्या ब्रशाचं कार्ड. ताईंनी ते घेतलं नाही. म्हणाल्या, "आईला दे."

मुंगीनं आईकडे बघितलं. मग आईच्या मागे, फाटकाकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. मग तिनं कार्ड आईच्या हातात दिलं आणि हात पसरून उभी राहिली, पाणी मागताना राहते तशी.

"ही ब्रश मागते?" लेकीनं विचारलं.

"ब्रश नाही," ताई म्हणाल्या. "मला आठवड्यापूर्वीच वाटलं होतं, काल खात्री झाली. वर्गात असा ब्रशच नाही. दांड्याला लाल दोरा असलेला ब्रश तिनं आयुष्यात एकाच माणसाच्या हातात बघितलाय. आजोबा यायच्या आधी पाव तास ती रोज मला सांगते, त्यांना आणा म्हणून. आणि मी वेडी तिच्यापुढे रंग ठेवत होते."

लेक म्हणाली, तिथेच त्या पिवळ्या रेघेवर बसून ती रडली. रेडिओनं तिलाही बिस्कीट दिलं.

घरी आल्यावर मुंगी बूट न काढता थेट माझ्या पलंगापाशी आली. कार्ड माझ्या छातीवर ठेवलं आणि हात पसरला. लेक दारात उभी राहून हे सगळं भराभर सांगत होती, आणि मी निम्मंच ऐकत होतो. कार्ड मिळालं की वस्तू लगेच द्यायची, हा नियम. मी माझा हात दिला.

तिनं बोटं हुंगली. दोन दिवस रंगाला हात लावलेला नव्हता, साबणाचाच वास होता. कपाळाला आठी पडली. मी ओरडलो, "अगं, टर्पेंटाइनची बाटली आण! लवकर!" लेकीनं आणली, मी पाची बोटं बुडवली, पांघरुणावर सांडलं. मुंगीनं पुन्हा हुंगलं. एक बोट, दुसरं, तिसरं. मग माझा तळहात आपल्या गालावर दाबून धरला आणि तशीच उभी राहिली. किती वेळ ते मोजलं नाही. पंखा चालू होता. तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग माझा हात सोडून ती तिच्या रेघेवरून खेळायला निघून गेली. मी मोठ्यानं रडलो. कंबर दुखत होती म्हणून, असं लेकीला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

९ मार्च, सोमवार

आजपासून पुन्हा कामावर. पाटीचं शेवटचं अक्षर पूर्ण केलं, स्टुलावर न चढता, कारण ताईंनी पाटीच खाली उतरवून ठेवली होती. बालवाडीबद्दल पहिल्या पानावर लिहिलेली ओळ आज खोडली. चुकीच्या वारासारखीच ती.

ताई म्हणाल्या, "आजोबा, आता ब्रशाचं कार्ड काढून टाकू आणि तिथे तुमचा छान फोटो लावू या."

मी म्हटलं, "फोटो कशाला? माझं चित्र काढून झालंय."

पावणेबारा व्हायला आले होते. आज मी हात धुतले नव्हते.